तेलाचा हात दिलेलं लाकूड पावसाळ्यात चिकट राहतं, त्यावर काय करायचं

तान्ह्या पोळ्याला आठ-दहा दिवस उरलेत आणि फळीवर ओळीने उभे केलेले लाकडी बैल अजून बोटाला चिकटताहेत, ही वेळ माझ्यावर लागोपाठ तीन वर्षं आली. वर्षभर मी लाटणी, कलथे, मसाल्याच्या डब्यातले चमचे, पोळपाट असं किरकोळ काम करते, पण श्रावण जवळ आला की हातात बैलच असतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापला लाकडी बैल सजवून बाहेर काढतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घेत फिरतात. त्यातलं सगळ्यात लहान लेकरू अजून चालतही नसतं. ते बैलाचं शिंग सरळ तोंडात घालतं. म्हणून माझ्या बैलांना ऑइलपेंट नाही, पीयू किंवा मेलामाइनचं पॉलिशही नाही. घाणीचं जवसाचं तेल, कापडाचा बोळा आणि हात, एवढंच. पण दर श्रावणात ते तेल वाळायचं नाव घेत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तेलाची एक वेगळी तयारी करून पाहिली आणि या त्रासातला मोठा भाग सुटला. ती पुढे सविस्तर सांगते. पण नुसती ती कृती उचलून तुमचं काम होणार नाही, कारण चिकटपणा एकाच कारणाने येत नाही, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी उलटा पडतो.

मुळात जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. त्यामुळे वाळताना त्याचं वजन थोडं वाढतं, घटत नाही. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, तेच हे जाळं विणतं. शेंगदाण्याच्या तेलात ते जवळपास नसतंच, म्हणून शेंगदाण्याचं तेल लावलेलं लाटणं कधीच वाळत नाही. चार महिन्यांनी त्याला खवट वास येतो आणि धूळ बसून ते काळपट होतं. खोबरेल तेल तर वाळण्यातलं नाहीच. सोयाबीन आणि सूर्यफुलाचं तेल वाळल्यासारखं होतं आणि मधेच लोंबकळत राहतं, तो चिकटपणा तर सगळ्यात चिवट. घरात स्वयंपाकाचं जे तेल असेल ते लावलं असेल, तर पुढचं वाचण्याआधी ते तेल बदला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून जवसाचं तेल मिळतं. ते एका दिवसात वाळतं, कारण त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. दार-खिडकीला ते उत्तम. पोळपाटाला आणि लेकराच्या बैलाला अजिबात नको. आपल्याला हवं ते चटणीवर घेतात तेच, इतवारीत किंवा कुठल्याही लाकडी घाण्यावर मिळणारं, काही न घातलेलं.

आता तुमचा चिकटपणा कोणता ते पाहू.

सगळीकडे सारखा चिकटपणा असेल, अंगठा पाच सेकंद दाबून उचलला की 'चट्' असा बारीक आवाज येत असेल आणि ठसा राहत असेल, तर तेल जास्त झालंय. माझी पहिल्या वर्षीची चूक हीच. मला वाटायचं, लाकूड पितंय तेवढं पाजावं, वर उरलेलं सावकाश वाळेल. लकडगंजातल्या ज्या मिस्त्रीकाकांकडून मी सागाचे कटपीस आणते, त्यांना तो बैल दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून फिरवला आणि म्हणाले, "ताई, तेल तं बरोबर लावलं तुमी, पण पुसलं काहून नाही?" मी म्हटलं, पुसलं की. ते म्हणाले, "पुसलं नाही, फिरवलं."

हा फरक मला तेव्हा कळला. हाताने घासून द्यायच्या फिनिशमध्ये लावण्याला पाच मिनिटं आणि काढण्याला पंधरा मिनिटं लागतात. लाकडाच्या आत गेलेलं तेल कामाचं. वर राहिलेला थर चमकतो म्हणून छान वाटतो, पण त्याच्या वरच्या अंगाला साय धरते आणि खालचं तेल हवेवाचून तसंच राहतं. सहा इंची बैलाला चहाचा एक चमचा तेल पुष्कळ होतं. लावा, पंधरा मिनिटं थांबा, मग कोरड्या सुती कापडाने इतकं पुसा की दुसरं स्वच्छ कापड फिरवल्यावर त्यावर डाग उमटू नये. जुनी बनियन यासाठी सगळ्यात चांगली. होजिअरीचं नवं कापड तंतू सोडतं.

त्या कापडांबद्दल इथेच सांगते, कारण ही गोष्ट विसरून चालणार नाही. तेलाचं वाळणं उष्णता सोडतं. फळीवर ती उष्णता हवेत निघून जाते, पण गोळा करून टाकलेल्या चिंध्यांच्या आत ती साठत जाते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वरांड्यातल्या प्लास्टिकच्या बादलीत मी चार बोळे तसेच टाकले होते. तासाभराने जळकट वास आला म्हणून हात घातला, तर आतला बोळा धरवत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक चिंधी उलगडून, एकावर एक न ठेवता, घरापासून दूर कंपाउंडच्या भिंतीवर दगडाखाली वाळत घालते. कडक झाली की मगच टाकते. पाऊस असेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या टिनच्या डब्यात बुडवून ठेवते.

दुसरा प्रकार ठिपक्यांचा. बाकी बैल कोरडा, पण मधेमधे राईएवढे चिकट दाणे. सागवानात हे हमखास होतं. साग कापून आडव्या अंगाकडे नीट पाहिलं, तर वर्तुळांच्या कडेने नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी भोकं असतात. त्या नळ्यांमध्ये तेल भरतं. आपण वरून पुसून मोकळे होतो. तासाभराने लाकूड जरा गरम झालं की आतलं तेल फुगून वर येतं आणि थेंब होऊन बसतं. मी एकदा भिंग घेऊन बैलाच्या कानाजवळ पाहत बसले होते. कानामागे जिथे नळ्या आडव्या कापल्या गेल्या होत्या, तिथे आधी एक ओला काळा बिंदू दिसला, मग त्यावर टाचणीच्या टोकाएवढा थेंब आला, आणि दहा मिनिटांत शेजारचे तीन थेंब मिळून एक झाले. रात्रभर तसंच ठेवलं तर तोच थेंब डिंकासारखा होतो.

यावर एकच इलाज. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने कापड फिरवायचं. झोपायच्या आधी शेवटचं. म्हणून मी तेलाचं काम रात्री करत नाही, सकाळी आठला सुरू करते. आणि तेल लावल्या-लावल्या बैल उन्हात ठेवू नका. लवकर वाळेल म्हणून आपण ठेवतो आणि ऊन आतलं सगळं तेल बाहेर बोलावतं. आधी पुसून-पुसून थेंब येणं थांबलं पाहिजे, ऊन दुसऱ्या दिवशी.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा. एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, शिवणीच्या बैलाला आणि सागाच्या बैलाला हात दिला. शिवण वाळली, साग ओलाच. इथे दोष तेलाचा नाही, पुसण्याचाही नाही. सागात स्वतःची तेलकट द्रव्यं असतात, ज्यांच्यामुळे त्याला वाळवी लवकर लागत नाही. तीच द्रव्यं वरून दिलेल्या तेलाचं वाळणं रोखून धरतात. ताज्या रंधलेल्या सागाला जो कातड्यासारखा वास येतो, तो जितका तीव्र तितका त्रास जास्त, असा माझा अनुभव आहे. तेल देण्याआधी पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन लाकूड पुसायचं. पहिलं कापड पिवळट-तपकिरी होतं, तिसरं-चौथं जवळपास पांढरं राहतं. तिथे थांबायचं आणि ॲसिटोन उडून गेलं की अर्ध्या तासाच्या आत तेल द्यायचं. जास्त वेळ गेला तर आतली द्रव्यं पुन्हा वर येतात. हे काम उघड्यावर करा, गॅस किंवा देवापुढचा दिवा जवळ नको.

शिसव याहून हट्टी. त्यावर जवसाचं तेल महिना-महिना ओलं राहिलेलं मी पाहिलंय. शिसवाच्या वस्तूला मी आता तेल देतच नाही, नुसतं मेण देते.

चौथा प्रकार मेणाचाच. तेलात मधमाशीचं मेण वितळवून केलेलं मलम हल्ली सगळेच वापरतात, मीही वापरत होते. एक भाग मेण, चार भाग तेल. लावायला सुख, वासही गोड. पण जवसाचं तेल आणि मेण एकत्र दिलं की मेण वर बसून हवा अडवतं आणि खालचं तेल वाळायचं राहून जातं. हात लावला की मऊ, दमट, जरा ओशट लागतं. मलम हवंच असेल तर ते कधीच न वाळणाऱ्या तेलात करा. मेडिकलच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन त्यासाठी चालतं, फक्त ते धुण्यात निघून जातं आणि दर महिन्याला पुन्हा द्यावं लागतं. चॉपिंग बोर्डाला ते ठीक आहे. जवसाच्या तेलाला मात्र आधी एकट्यानेच वाळू द्या, आणि पूर्ण वाळल्यावर वरून मेणाचा पुसट हात द्या.

आणि पाचवं कारण हवा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वाळणारा पातळ हात माझ्याकडे ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस घ्यायचा. दमट हवा, ढगाळ उजेड, बंद खोली, या तिन्ही गोष्टी तेलाला नकोशा. वस्तू कपाटात ठेवू नका. अंधारात तेल उशिरा वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. खिडकीजवळ, सुरू पंख्याखाली, खिळ्यांच्या टोकांवर उभी ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. माझ्या एका मैत्रिणीचा पोळपाट ऐन मे महिन्यात चिकट राहिला होता. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, नागपुरी कोरडं ऊन, आणि तेल वाळेना. घरी जाऊन पाहिलं तर पोळपाट कूलरच्या समोर ठेवलेला. कूलर दिवसभर पाणी घातलेली हवा फेकत होता. तिने तो गच्चीच्या जिन्यात हलवला आणि तिसऱ्या दिवशी वाळला.

लाकूडही तपासा. पावसाळ्यात आणलेला तुकडा वरून कोरडा लागतो, आत ओल असते. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन करते. सलग तीन वेळा आकडा बदलला नाही की मगच कोरायला घेते.

आता ती नवी तयारी. एवढं सगळं पाळूनही सागाचे बैल पोळ्याच्या आधी जेमतेम वाळायचे. प्रश्न ऑगस्टचा, पण ऑगस्टमध्ये बसून तो सुटत नव्हता. आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी मे महिन्याचं ऊन आहे. जुने चित्रकार जवसाचं तेल उन्हात ठेवून घट्ट करत. असं तेल पुढे लवकर वाळतं, कारण त्याचं निम्मं वाळणं आधीच उरकलेलं असतं. मग विचार केला, वरूड-काटोलची संत्री जिथे तापते तिथलं ऊन या कामाला कमी पडणार नाही.

जवस हे रब्बीचं पीक, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये घाण्यावर ताजं तेल मिळतं. एक लिटर आणलं. घाणीच्या तेलात चिकट गाळ असतो, आणि त्याला वाळायला उशीर लागण्याचं तेही एक कारण. काचेच्या मोठ्या बरणीत तेल आणि तेवढंच कोमट पाणी घालून खूप हलवलं. सुरुवातीला ते ताकासारखं पांढरट झालं. दुसऱ्या दिवशी खाली पाणी, मधे कोळ्याच्या जाळ्यासारखा मळकट पडदा आणि वर तेल. वरचं तेल पळीने काढून घेतलं आणि हेच आणखी दोनदा केलं. शेवटी तेल गाळून घेतलं आणि मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून, उरलेली ओल घालवली. सरळ गॅसवर तेल तापवू नका.

मग स्टीलच्या पसरट परातीत अर्धा इंच उंचीचं तेल ओतलं, वर खिडकीची काच ठेवली आणि काचेच्या चार कोपऱ्यांखाली आइसक्रीमच्या काड्या मोडून ठेवल्या, म्हणजे हवा खेळती राहील आणि धूळ पडणार नाही. परात गच्चीवर, मुंग्या येऊ नयेत म्हणून पाण्याच्या ताटात विटेवर. रोज सकाळी लाकडी काडीने ढवळायचं, नाहीतर वर साय धरते. पहिले पाच-सहा दिवस काहीच बदल दिसला नाही. मग रंग उतरायला लागला, गडद पिवळ्याचा फिका सोनेरी झाला. अठराव्या दिवशी काडी उचलली तर तेल थेंब-थेंब न पडता मधासारखी तार धरून खाली आलं. तिथे थांबवलं. आणखी चार दिवस ठेवलं असतं तर ते बोळ्याने घासता आलं नसतं.

हे घट्ट तेल छोट्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवलं, हवेला जागा उरू दिली नाही. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात 'लाकडाचं, खाण्याचं नाही' असं लिहिलं. हे लिहाच. उन्हात राहिलेलं तेल खाण्याच्या उपयोगाचं राहत नाही, आणि घरात जवसाच्या तेलाची दुसरी बाटली असतेच.

वापरताना घट्ट आणि ताजं तेल निम्मं-निम्मं मिसळते, बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं धरते. लाकडावर घेतल्यावर आधी ते ओढतं, कापड अडखळतं. तळव्याने जोर देऊन घासत राहिलं की तळवा गरम होतो आणि त्या उष्णतेने तेल पसरतं. बैलाच्या वशिंडावर हे छान कळतं. तिथे हात गोल फिरतो आणि दोन मिनिटांत ती जागा साटीनसारखी दिसायला लागते. हे तेल घट्ट असल्यामुळे पुसायला मात्र दुप्पट वेळ द्या, आणि पंधरा मिनिटांच्या जागी सात-आठ मिनिटांतच पुसायला लागा. नाहीतर ते तिथेच थबकतं आणि कापडाचे तंतू धरून ठेवतं. माझे पहिले दोन बैल असेच लव आल्यासारखे झाले होते, ते घासून पुन्हा करावे लागले.

निकाल असा. त्याच आठवड्यात, त्याच फळीवर, ॲसिटोनने पुसलेल्या सागावर साध्या तेलाच्या हाताला अकरा दिवस लागले. मिश्र तेलाचा हात तिसऱ्या दिवशी अंगठ्याला लागेनासा झाला, चौथ्या दिवशी कापसाचा पुंजका ओढून पाहिला तर एकही धागा अडकला नाही. प्रत्येक बैलाला तीन हात दिले, दोन हातांमध्ये पाच दिवस सोडले.

पण हाताला कोरडं लागलं म्हणजे लेकराच्या तोंडात द्यायला तयार झालं असं नाही. आतलं जाळं पूर्ण विणलं जायला पुढे तीन ते चार आठवडे लागतात, आणि पावसाळ्यात मी पूर्ण महिना धरते. याची परीक्षा नाकाने करते. बैल रात्रभर बंद डब्यात ठेवते आणि सकाळी झाकण उघडून वास घेते. जवसाचा किंवा रंगासारखा वास आला तर आणखी थांबते. पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो, त्याप्रमाणे माझा शेवटचा हात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उरकलेला असतो.

आधीच चिकट झालेली वस्तू समोर असेल तर तिच्यावर नवं कोरडं काही चढवू नका. दोन-तीन आठवड्यांच्या आतली असेल तर त्याच तेलाचे चार थेंब घ्या आणि हिरव्या घासणीच्या मऊ तुकड्याने पूर्ण अंगावर घासा. ताजं तेल जुन्या अर्धवट थराला सैल करतं. दहा मिनिटांनी सगळं मिळून निघेपर्यंत पुसा. हे दोन दिवसांच्या अंतराने दोनदा करावं लागतं. महिन्याहून जुना, डिंकासारखा झालेला थर मात्र असा निघत नाही. तिथे मिस्त्री लोक काचेच्या तुकड्याच्या धारेने जसं लाकूड तासतात तसं तासा, मग 220 आणि 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि ॲसिटोनने पुसून पहिल्यापासून सुरुवात करा.

आणि तान्ह्या पोळ्याला आठच दिवस उरले असतील, बैल चिकट असेल आणि लेकरू वाट पाहत असेल, तर तेलाचा नाद त्या वर्षापुरता सोडा. वरचा थर तासून आणि ॲसिटोनने पुसून काढा, दोन दिवस पंख्याखाली ठेवा आणि नुसतं मधमाशीचं मेण द्या. मेणाची वडी लाकडावर सरळ घासायची, हेअर ड्रायरने गरम करून ते पाझरू द्यायचं, गार झाल्यावर जाड खादीच्या कापडाने जोर लावून चोळायचं. मेणाला वाळावं लागत नाही, आणि ते 62-64 अंशांना वितळतं, त्यामुळे तान्ह्या पोळ्याच्या उन्हात बैल घेऊन गल्लीभर फिरलं तरी ओघळत नाही. चमक तेलाएवढी येत नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पण कापड फिरवताना ते चुरचुर वाजायला लागलं की त्याच संध्याकाळी बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ बांधता येते.